मिठागराच्या पाण्यावर तरंगलेली पाल

"ठगवलं तुला, धाकल्या," असं माझा थोरला भाऊ भर दुकानात, गिऱ्हाइकांसमोर म्हणाला होता. त्याला आता पुष्कळ वर्षं झाली. ते वाक्य त्याने आजतागायत परत घेतलेलं नाही आणि मीही ते विसरलेलो नाही. आमच्या घरातली माणसं सांगतात की आता सोडून दे. मी सोडत नाही. माझ्यापाशी जे आहे ते मी भाव करून मिळवलेलं आहे. भाव करणारा माणूस मालाला ओळखतो एवढीच त्याची इज्जत असते. ती गेली की त्याने भाजी विकावी.

पनवेलच्या बाजारात आमचं दुकान होतं. म्हणजे भाईजानचं होतं. वडिलांच्या पश्चात ते थोरल्याकडे गेलं आणि मला काही मिळालं नाही, हे मी इथे नोंदवून ठेवतो. अत्तर, सुरमा, लोबान, टोप्या आणि तसबीह, म्हणजे जपाच्या माळा, असा माल. पोरवयात मी मागच्या खोलीत बसून मण्यांना भोकं पाडायचो. पुढे शारजाला गेलो, दुसऱ्याच्या दुकानात गोण्या उचलल्या, मग काउंटरवर उभा राहिलो, मग मालकाच्या वतीने खरेदी करू लागलो. परत आलो तेव्हा भाईजानच्या दुकानात कोपऱ्यात माझं एक टेबल लावलं. त्यावर फक्त दगड. अकीक, फिरोजा, पोवळं आणि कहरुबा.

कहरुबा म्हणजे झाडाचा चीक. खोडातून ओघळलेला, मग जमिनीत युगानुयुगं पडून दगड झालेला. पिवळा, मधासारखा, हाताला गरम लागणारा. आखाती देशांत त्याच्या तसबीहला मोठा मान. आपल्याकडेही जाणकार होतेच. पण तसबीहचा कहरुबा स्वच्छ लागतो. आत मुंगी, डास, पानाचा तुकडा असला की मणी कमअस्सल. कारागीर असे तुकडे बाजूला काढतो, नाहीतर कापून कीटकाचा भाग फेकून देतो. आमच्या धंद्याची ही पिढ्यान्‌पिढ्यांची रीत.

रशियाचं साम्राज्य फुटलं त्यानंतरच्या हिवाळ्यात मी खरेदीसाठी पुन्हा शारजाला गेलो होतो. तिकडची माणसं तेव्हा पिशव्या भरभरून सामान घेऊन विमानाने यायची आणि फूटपाथवर मांडून बसायची. कॅमेरे, दुर्बिणी, फरच्या टोप्या. एका बाईपुढे वर्तमानपत्रावर कहरुब्याचे खडे होते. स्वच्छ खडे तिने पुढे मांडले होते आणि खराब खडे मागे एका डब्यात. मी आधी नेहमीच डब्यात बघतो. जो माल दाखवायला ठेवलेला असतो तो दुसऱ्यांसाठी.

डब्यात एक खडा होता. साबणाच्या वडीएवढा. उजेडात धरला तर आत पाल. सगळी पाल नव्हे. डोकं, एक पुढचा पाय, पाठीचा अर्धा भाग, मागचा एक पाय वाकडा होऊन पोटाखाली गेलेला. शेपूट नाही. कातडीवर बारीक दाणे दिसत होते. मी खडा परत ठेवला, दुसराच उचलला, नाक मुरडलं. तिला माझी भाषा येत नव्हती, मला तिची. मध्ये कॅल्क्युलेटर. ती आकडा दाबायची, मी पुसून माझा दाबायचो. दोनदा मी उठून चालू लागलो, दोनदा तिने हाक मारली. शेवटी तिने कॅल्क्युलेटर जमिनीवर आपटलं आणि मी स्वच्छ खड्यांच्या पुडीबरोबर पालीचा खडा घेऊन निघालो. तिने जाता जाता पुडीकडे बोट दाखवून दोन्ही दंड चोळले, थंडीने कुडकुडल्यासारखे, आणि एक शब्द उच्चारला. तो शब्द मी लक्षात ठेवला आणि कुणाला सांगितला नाही. माल कुठून येतो हे सांगणारा व्यापारी मी अजून पाहिलेला नाही.

मला तेव्हा पक्कं माहीत होतं की खडा खरा आहे. का, ते सांगतो. नकली कहरुब्यात मेलेली पाल घालून विकणारे बाजारात होतेच. पण नकली माल नेहमी देखणा असतो. नकली करणारा पूर्ण पाल घालील, चारही पाय पसरून, शेपटीला छान वळण देऊन. गिऱ्हाईक तशाच पालीला भुलतं. अर्धी, मोडकी, शेपूट तुटलेली पाल घालायला कोण बसेल?

हे मी भाईजानला समजावून सांगितलं. त्याने ऐकून घेतलं, मग सुई दिव्यावर तापवली आणि खड्याच्या कडेला टोचली. ही आमच्याकडची जुनी परीक्षा. खरा कहरुबा असेल तर देवदाराच्या लाकडासारखा सुवास येतो, प्लास्टिक असेल तर जळका. भाईजानने नाक लावलं, डोळे मिटले, परत लावलं.

"काय वास नाय येत," तो म्हणाला. "ना बरा, ना वाईट."

"कानातला फाया काढ आधी," मी म्हणालो.

इथे सांगायला हवं की भाईजानच्या कानात अत्तराचा फाया, म्हणजे अत्तरात बुडवलेला कापसाचा बोळा, सकाळपासून असायचा. खसाचा, नाहीतर गुलाबाचा. अत्तरवाल्याने तो ठेवायचाच असतो. गिऱ्हाईक जवळ आलं की वास जातो आणि धंदा होतो. पण सुईच्या टोकाएवढा धूर हुंगताना कानात गुलाब असेल तर नाकाला काय कळणार? मी हे मोठ्याने बोललो. दुकानात गिऱ्हाइकं होती. अत्तरवाल्याचं नाक म्हणजे त्याची अब्रू, हे मला माहीत होतं आणि त्या क्षणी मला त्याची पर्वा नव्हती.

भाईजानचा चेहरा लाल झाला. "चाळीस वर्षांचं नाक हाय हे," तो म्हणाला. "बापानं घडवलेलं. रशियन बाईनं पाल विकली तुला नि तू माज्या नाकाला बोलतोस? ठगवलं तुला, धाकल्या."

कुणीतरी हसलं.

दुसऱ्या दिवशी मी सायकलवर प्लास्टिकचा कॅन बांधून उरणच्या रस्त्याला मिठागरांवर गेलो. शेवटच्या वाफ्यात, मीठ धरण्याआधी, पाणी इतकं जड होतं की हात घातला तर हात वर येतो. तिथला ओळखीचा आगरी मीठ ओढत होता. त्याने विचारलं, "शेठ, पानी कशाला? मीठ न्या की."

"पाल पोहायला सोडायचीय."

"येडा झालाय शेठ," तो आपल्या बायकोला म्हणाला आणि कॅन भरून दिला.

ही परीक्षा मी शारजाला शिकलो. खरा कहरुबा अशा पाण्यावर तरंगतो, प्लास्टिक बुडतं. दुकानात काचेच्या बरणीत पाणी ओतलं. आधी प्लास्टिकच्या तसबीहचा मणी टाकला. तळाला गेला. मग खडा सोडला. तो जरा खाली गेला आणि डुलत वर आला, पाल पोटावर, डोकं माझ्याकडे. मी भाईजानकडे बघितलं.

भाईजान मूर्ख नाही. हे कबूल करताना मला त्रास होतो, पण नाही. तो उठला, लोबानाच्या डब्यांशेजारून चंद्रूसचा खडा काढला आणि बरणीत टाकला. चंद्रूसही झाडाचा चीकच, पण अलीकडचा, वार्निशात घालतात तो. तो माझ्या खड्याशेजारी आला आणि दोघं तरंगत राहिले.

"कालचा चीक बी तरंगतो," भाईजान म्हणाला. "चंद्रूस तापवायचा, पाल मारायची, आत घालायची. पोराटोराचं काम." मग आवाज खाली आणून म्हणाला, "हे बघ. माज्या दुकानात नकली माल ठेवला असं लोकांनी बोललेलं मला चालनार नाय. रमजानच्या आदी काय ते ठरव. खरा असंल तर काप, पाल काढून टाक, दोनी बाजूंनी मनी निगतील, आपन इकू. नकली असंल तर फेक. दोनी नसंल करायचं तर टेबल उचल."

मी बरणी काउंटरवर, अगदी दारासमोर ठेवली. चिडून. येणाऱ्या जाणाऱ्याने बघावं म्हणून. मला तो खडा कापायचा नव्हता. कापला असता तर खरा होता की खोटा, हे कधीच ठरलं नसतं, आणि मी जन्मभर ठगवला गेलेला धाकटा राहिलो असतो.

रमजान जवळ येत होता तेव्हा खांदा कॉलनीतून एक सासू-सून आल्या. सासूबाईंना ज्योतिषाने पोवळ्याची अंगठी सांगितली होती. सून कपाळाला आठ्या घालून उभी होती. मी पोवळी दाखवत होतो आणि सासूबाई प्रत्येक पोवळ्यात खोट काढत होत्या. मला त्या आवडल्या. सुनेचं लक्ष बरणीकडे गेलं. ती वाकली, चष्मा कपाळावर सरकवला आणि तिच्या आठ्या गेल्या.

"हे काय आहे?"

"कहरुबा."

"आत पाल आहे."

"मला दिसतेय."

"कुठून आणलात?"

"माल कुठला ते आम्ही सांगत नाही, मॅडम."

तिने माझ्याकडे बघितलं. ती मुंबईच्या एका कॉलेजात भूगर्भशास्त्र शिकवायची, हे सासूबाईंनी पोवळं परत ठेवता ठेवता सांगितलं, तक्रारीच्या सुरात. "दगडांचीच मास्तरीण आहे, पण सासूसाठी एक दगड धड निवडता येत नाही."

मॅडम म्हणाल्या, "हा खडा मला तपासायला द्याल?"

"खडा माझ्या हातातून जाणार नाही."

"मग तुम्हीच या. मी कॉलेजातून मायक्रोस्कोप घरी आणते."

मी गेलो. खांदा कॉलनीत तिसऱ्या मजल्यावर, जेवणाच्या टेबलावर मायक्रोस्कोप. सासूबाईंनी चहा दिला आणि पोवळ्याच्या भावाबद्दल पुन्हा एकदा विचारलं. मॅडमनी नखांचा रंग काढायच्या बाटलीतून एक थेंब खड्याच्या कोपऱ्यावर टाकला. मी खुर्चीवरून उठलोच.

"बसा. चंद्रूस असेल तर चिकट होईल. कहरुब्याला काही होणार नाही."

मी बसलो, पण हात टेबलावर ठेवला, खड्याच्या अगदी जवळ. त्यांनी वाट पाहिली, मग बोट फिरवलं, मला फिरवायला सांगितलं. कोरडं. गुळगुळीत. मला भाईजानच्या तोंडावर ते बोट फिरवावंसं वाटलं.

मग त्यांनी मला डोळा लावायला सांगितला. पालीच्या भोवती बारीक चांदण्या दिसल्या, केसांच्या झुपक्यासारख्या. "ही एका झाडाच्या फुलांवरची लव," त्या म्हणाल्या. "त्यावरून मला हा खडा कुठला असावा ते वाटतंय. पण आत्ता सांगणार नाही." मग काच सरकवून पुढचा पाय दाखवला. बोटं रुंद, खाली आडव्या पट्ट्या. आमच्या दुकानाच्या छतावरच्या पालीची असतात तशीच.

"भिंतीवर चढायची बोटं," मी म्हणालो.

"तेव्हा भिंती नव्हत्या. झाडं होती."

हे वाक्य माझ्या मनात राहिलं. भिंती नव्हत्या, माणूस नव्हता, आणि भिंतीवर चढायची बोटं तयार होती.

मी विचारलं, "खरा आहे ना?"

"खरा आहे. पण कुठला ते तुम्ही सांगत नाही, तोपर्यंत माझ्या अर्ध्याच उपयोगाचा आहे."

मला राग आला. खरा म्हणजे खरा, त्यात अर्धा कसला? त्या रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "तुम्ही परदेशातून सामान आणता ना? पेटाऱ्यातून कधी पाल निघाली आहे?"

निघाली होती. टोप्यांच्या पेटाऱ्यातून, पनवेलच्या घरात, आणि आमच्या घरातल्या बायका खुर्च्यांवर चढल्या होत्या.

"तेच. आजच्या पाली बोटीतून, ट्रकमधून, पेटाऱ्यातून सगळीकडे गेल्या आहेत. आज एखाद्या देशात पाल दिसली तर ती तिथलीच की माणसाने नेलेली, हे सांगणं कठीण. पण ही तुमची पाल माणसाच्या आधीची आहे. तिला कुणी पेटाऱ्यात घातलं नव्हतं. ती जिथे सापडली तिथे ती राहत होती. तो देश आज बर्फाळ असेल, तर तेव्हा तो उबदार होता, जंगल होतं, हे ती सांगते. पूर्वी कुठले प्राणी कुठवर पसरले होते, कुठे जमीन जोडलेली होती, कुठे समुद्र होता, हे असल्याच तुकड्यांवरून जुळवतात. गाव नसलेली पाल म्हणजे पत्ता फाडलेलं पाकीट."

मी चहा संपवला. आता प्रश्न किमतीचा होता. धंद्याची रीत मोडून मालाचं गाव सांगायचं, तर बदल्यात काही हवं. पैसे त्या देऊ शकल्या नसत्या आणि मला ते नकोच होते.

"सांगतो," मी म्हणालो. "पण इथे नाही. आमच्या दुकानात, भावासमोर. आणि खडा खरा आहे हे तुम्ही त्याला तुमच्या तोंडाने सांगायचं."

"एवढंच?"

"एवढंच. मॅडम, हा भाव तुम्हाला स्वस्त वाटतोय. मला तो महाग पडतोय."

त्या हसल्या. मग विचार करून म्हणाल्या, "मला वाटतंय ते गाव मी आधी तुमच्या भावाच्या कानात सांगते. मग तुम्ही मोठ्याने सांगा. जुळलं तर दोघांचंही खरं."

हे मला सुचलं नव्हतं याचं मला अजून वाईट वाटतं. इतका चांगला सौदा मी दुसऱ्याकडून शिकलो असं फार वेळा झालेलं नाही.

रमजानच्या आधीच्या शुक्रवारी, नमाजनंतर, दुकान भरलेलं असताना त्या आल्या. सासूबाईही आल्या, पोवळ्यासाठी. मॅडमनी भाईजानला सलाम केला आणि म्हणाल्या, "तुमच्या भावाने आणलेला खडा मी तपासला. खरा आहे. असा खडा माझ्या हातात पहिल्यांदाच आला."

भाईजानने मान हलवली, जशी अत्तराचा भाव कमी करायला सांगणाऱ्या गिऱ्हाइकासमोर हलवतो तशी. मग मॅडम वाकून त्याच्या कानाशी काहीतरी बोलल्या. फाया नसलेल्या कानाशी. भाईजानच्या भुवया वर गेल्या. त्याने माझ्याकडे बघितलं.

मी आयुष्यात पहिल्यांदा, भर दुकानात, दोन दुसरे तसबीहवाले ऐकत असताना, माझ्या मालाचं गाव सांगितलं. "उत्तरेच्या थंड समुद्राच्या काठचा. बाल्टिक. बाईने दंड चोळून दाखवले होते."

मॅडमनी भाईजानला विचारलं, "मी काय सांगितलं?"

भाईजानने कानातला फाया चाचपला.

"तेच," भाईजान म्हणाला. आणि लगेच पुढे, "पन मॅडम, मन्याच्या कामाचा नाय ना?"

"नाही, नाही. कापायचा अजिबात नाही."

"मंग मी काय येगळं बोल्लो? दुकानात काय कामाचा नाय, हेच बोल्लो."

मी काय बोललो ते इथे लिहीत नाही. आमच्या घरातली लहान मुलंही हे वाचतील. सासूबाई म्हणाल्या, "भाऊ असेच असतात, आमच्याकडेही दोन आहेत," आणि त्या गडबडीत माझ्याकडून पोवळं त्यांना हव्या त्या भावात घेऊन गेल्या. मान्य आहे. त्या दिवशी सर्वांत चांगला सौदा त्यांनी केला.

गिऱ्हाइकं ओसरल्यावर मी हिशेबाच्या पाटाशी बसून रागाने दोऱ्यांच्या गाठी सोडवत होतो. भाईजानने बरणी ओढली. खडा बाहेर काढला, सदऱ्याने पुसला. मग कानातला फाया काढला आणि काउंटरवर ठेवला. मी त्याला दिवसाउजेडी फायाशिवाय कधी बघितलं नव्हतं. तो मागच्या अंगणात गेला, नळावर कान आणि तोंड धुऊन आला. सुई तापवली आणि जुन्याच भोकात टोचली. नाक लावलं. मी त्याच्याकडे न बघता बघत होतो. तो पुष्कळ वेळ तसाच वाकून राहिला, डोळे मिटून. देवदाराचा वास माझ्यापर्यंत आला, म्हणजे त्याच्यापर्यंत आलाच होता.

मग त्याने खडा बरणीत सोडला आणि बरणी माझ्या टेबलावर आणून ठेवली. टेबल उचलायचा विषय पुन्हा निघाला नाही.

पुढे तो खडा मी मॅडमना दिला, त्यांच्या कॉलेजातल्या संग्रहासाठी. दिला म्हणजे दिला, विकला नाही. मी फुकट दिलेली ती एकमेव वस्तू. एकच अट घातली की खालच्या चिठ्ठीवर सगळा रस्ता लिहायचा. उत्तरेचा समुद्र, शारजाचा फूटपाथ, पनवेल. त्यांनी लिहिला. मी जाऊन बघून आलो. काचेच्या मागे, इतर दगडांमध्ये, माझी मोडकी पाल. शेजारी भारतातल्या आणि कुठल्या कुठल्या देशांतल्या जुन्या सरड्यांची हाडं, प्रत्येकाखाली त्याचं गाव. कुणाची नुसती जबड्याची किरच, पण गाव आहे. माझ्या पालीइतका लांबचा रस्ता कुणाचाच लिहिलेला नव्हता. मी तिथल्या शिपायाला सांगितलं की ही मी आणलेली. त्याने विश्वास ठेवला नाही. मी त्याला पूर्ण गोष्ट सांगितली आणि त्याला चहा प्यायला जाता आलं नाही.

त्या शुक्रवारी मी मालाचं गाव सांगितलं, ते ऐकणाऱ्या दोघा तसबीहवाल्यांपैकी एक पुढच्याच मोसमात शारजाला पोहोचला. तो भाव मी दिला. मला तो कधी जड वाटला नाही.

आता माझं स्वतःचं दुकान आहे, भाईजानच्या दुकानापेक्षा मोठं. त्याच्याकडे नवा माल आला की भाईजान स्वतः येतो, या वयातही, छत्रीचा आधार घेत. खडा माझ्यासमोर ठेवतो आणि म्हणतो, "बघ जरा." पण त्याआधी तो दाराशी थांबून कानातला फाया काढतो, रुमालात गुंडाळून खिशात ठेवतो, मग आत येतो. कुणी सांगितलेलं नाही. तो तसं करतो.

"ठगवलं" हा शब्द मात्र त्याने अजून परत घेतलेला नाही. मी वाट बघतोय.